फिशर–ताल, लाइपझिग १९६०: एका बरोबरीचं वाचन

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. बुद्धिबळात समोरच्याने फ्रेंच डिफेन्स काढला की माझी हमखास फजिती व्हायची, त्यावर उतारा म्हणून. इंटरनेटवर फुकट मिळणारे मास्टर लोकांचे हजारो डाव उतरवून घ्यायचे, त्यातले फ्रेंचचे बाजूला काढायचे आणि कोणत्या चालीनंतर पांढरा जास्त वेळा जिंकतो ते मोजायचं, असा साधा बेत होता. हे डाव ज्या फाइलमध्ये साठवतात तिच्यात निकालाचा एक रकाना असतो. तिथे एक–शून्य असेल तर डाव ठेवायचा, शून्य–एक असेल तरी ठेवायचा, अर्धा–अर्धा असेल तर उडवायचा. बरोबरीतून मला काय कळणार होतं? ज्यात कुणी जिंकलंच नाही त्या डावातून शिकायचं तरी काय, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटायचं.

पुढे कधीतरी बॉबी फिशरचं 'माय सिक्स्टी मेमोरेबल गेम्स' हातात आलं. १९६९ सालचं पुस्तक. मोठे खेळाडू अशा पुस्तकांत सहसा आपले विजय मिरवतात. फिशरसारख्या अहंकारी माणसाने निवडलेल्या साठ डावांत मात्र तीन हरलेले आहेत आणि नऊ बरोबरीचे. त्या नवांत एक डाव फ्रेंचचा आहे: लाइपझिग ऑलिंपियाड, १९६०. पांढरी मोहरी फिशरची, काळी मिखाईल तालची. एकवीस चाली. माझ्या यादीत तो नव्हता, असणारही नव्हता. मीच तो उडवला होता.

तेव्हापासून हा डाव मी कितीतरी वेळा पटावर मांडलाय. पूर्ण डाव व्हॉट्सॲपच्या एका मेसेजमध्ये मावेल एवढा छोटा आहे. तरीही दर वेळी काहीतरी नवं सापडतं. बरोबरी वाचायची असते, नुसती मोजायची नसते, हे मला या डावाने शिकवलं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख. शेजारी पट असेल तर उत्तम, नसेल तर फोनवरचा चालेल.

चार–शून्य

आधी ही दोन माणसं. १९५९ साली युगोस्लाव्हियात कँडिडेट्स स्पर्धा झाली. जगज्जेत्याशी कोण भिडणार हे ठरवणारी. प्रत्येकाला प्रत्येकाशी चार डाव खेळायचे होते. सोळा वर्षांचा फिशर तालशी चार डाव खेळला आणि चारही हरला. ताल ती स्पर्धा जिंकला आणि १९६०च्या मे महिन्यात मिखाईल बोटविनिकला हरवून जगज्जेता झाला. तालचा खेळ म्हणजे मोहरे उधळून हल्ला. तपासायला बसलं तर त्याच्या हल्ल्यांत भोकं सापडायची, पण घड्याळ चालू असताना ती शोधणं भल्याभल्यांना जमायचं नाही.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, लाइपझिगला ऑलिंपियाड भरलं. सोव्हिएत संघाच्या पहिल्या पटावर ताल, वय तेवीस. अमेरिकेच्या पहिल्या पटावर फिशर, वय सतरा. ज्या माणसाने आपल्याला चार वेळा लोळवलंय, जो आता जगज्जेता आहे, त्याच्यासमोर फिशर पुन्हा बसला.

अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? सावध खेळेल. वजीर–वजीर मारामारी करून घेईल, अर्धा गुण खिशात घालून उठेल, आणि संघाच्या दृष्टीने कुणी त्याला नावंही ठेवणार नाही. फिशरने पहिल्या चालीला राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. तालने फ्रेंच काढला.

एका ओपनिंगवरचा खटला

फ्रेंच डिफेन्स हे नाव पॅरिस आणि लंडन या शहरांमध्ये १८३४ साली सुरू झालेल्या पत्रव्यवहारी डावावरून पडलं. काळा पहिल्या चालीला ई६ खेळतो, दुसऱ्या चालीला डी५. त्यातला 'विनावर' हा प्रकार वॉर्साच्या शिमोन विनावरच्या नावाने ओळखला जातो. यात काळा तिसऱ्या चालीला आपला उंट बी४ वर आणून पांढऱ्याच्या घोड्याला जखडतो. पांढरा ई५ वर प्यादं घुसवून काळ्याला आवळतो. इथपर्यंत दोघांचंही ठीक.

पण या उंटाच्या प्रवासाला एक किंमत आहे. काळ्याचा हा उंट मुळात राजाच्या बाजूचा. घरी असता तर जी७ या घरावर त्याची नजर राहिली असती. तो वजिराच्या बाजूला निघून गेल्यावर जी७ उघडं पडतं. पांढरा वजीर जी४ वर आला की थेट तिथे बोट ठेवतो. 'माझी राजाकडची बाजू लुटायची तर लूट, तोवर मी मधला भाग आणि वजिराची बाजू ताब्यात घेतो,' असा विनावर खेळणाऱ्याचा सौदा असतो.

हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, यावर त्या काळात अक्षरशः खटला चालू होता. १९५४च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत नवव्या डावात बोटविनिकने काळी मोहरी घेऊन विनावरमधली एक धाडसी वाट धरली. स्मिस्लोव्हने त्याला पंचवीस चालींत चिरडलं, वाटेत वजीरही दिला. १९६०च्या मार्चमध्ये बोटविनिक पुन्हा विनावर खेळला, या वेळी तालविरुद्ध, लढतीच्या पहिल्याच डावात. तालच्या पांढऱ्या वजिराने जी७ खाल्लं, एच७ खाल्लं आणि डाव जिंकला. म्हणजे विनावर खेळणाऱ्याला शिक्षा कशी करायची हे तालने काही महिन्यांपूर्वी साऱ्या जगाला दाखवलं होतं.

लाइपझिगला तोच ताल आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. नुसता विनावर नव्हे, तर बोटविनिक १९५४ साली जिथे मेला होता तीच वाट. पाचव्या चालीला फिशर ए३ खेळून उंटाला विचारतो, घोडा मारतोस की निघतोस? बहुतेक जण घोडा मारतात. ताल उंट ए५ वर मागे घेतो. फिशर बी४ खेळून पुन्हा त्याच्यावर चालून जातो. ताल उंटाकडे बघतही नाही, डी४ वरचं प्यादं मारतो. मग फिशरही स्वतःच्या घोड्याकडे बघत नाही, वजीर जी४ वर आणतो. आठव्या चालीला उंट पडतो, घोडा पडतो. नवव्या चालीला वजीर जी७ खातो, दहाव्या चालीला एच७. इथपर्यंत पांढऱ्याच्या दहाही चाली स्मिस्लोव्हच्याच आहेत. काळ्याच्या नऊ चाली बोटविनिकच्या.

फरक पडतो तो काळ्याच्या दहाव्या चालीला. बोटविनिकने आपला घोडा आधी डी७ वर आणि मग एफ८ वर नेला होता. पांढऱ्या वजिराला एच७ वरून हाकलायचं, तेवढ्यासाठी. घरात शिरलेल्या चोराला बाहेर काढायला धावावं तसं. तालने घोडा सी६ वर, मध्याच्या दिशेने काढला. चोर आत आहे तर राहू दे, तो आत असेपर्यंत त्याचं घर रिकामं आहे! एका घोड्याच्या एका चालीने तालने त्या ओपनिंगचा अर्थच बदलला, असं मला वाटतं. आधीची चाल आरोप मान्य करून शिक्षा कमी करून मागत होती. तालची चाल आरोपच नाकारते.

सलग नऊ वेळा

तेराव्या चालीला दोघंही किल्लेकोट करतात. फिशरचा राजा जी१ वर जातो, तालचा दुसऱ्या टोकाला सी८ वर. इथे क्षणभर थांबून पट बघा. काळ्याची जी आणि एच या उभ्या पट्ट्यांवरची प्यादी कुणी खाल्ली? फिशरच्या वजिराने. त्यामुळे त्या पट्ट्या कुणासाठी उघडल्या? तालच्या हत्तीसाठी. तो जी८ वर उभा आहे आणि त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला आता फिशरचा राजा येऊन बसलाय.

चौदाव्या चालीला फिशर उंट जी५ वर आणतो. आणि मग ताल ई५ वरचं प्यादं घोड्याने मारतो. इथून पुढे सलग नऊ चालींत, दोन्ही बाजू धरून, प्रत्येक चालीला काही ना काही मारलं जातं. फिशरचा घोडा ई५ वर तालचा घोडा मारतो. तालचा उंट बी५ वर फिशरचा उंट मारतो. तोच पांढरा घोडा एफ७ वर प्यादं मारतो. तोच काळा उंट एफ१ वर हत्ती मारतो. पांढरा घोडा पुन्हा, डी८ वर हत्ती. काळा हत्ती जी५ वर उंट मारतो. पांढरा घोडा चौथ्यांदा, ई६ वर प्यादं. आणि आता त्याचा एकाच वेळी काळ्या वजिरावर आणि हत्तीवर डोळा. काळा हत्ती जी२ वरचं प्यादं मारतो आणि शह देतो.

पहिल्यांदा हे बघताना मला वाटलं होतं की ही नुसती धुमश्चक्री आहे. लहान मुलं खेळतात तशी, तू माझा मार मी तुझा मारतो. चार-पाच वेळा मांडल्यावर ध्यानात आलं की यातल्या प्रत्येक माऱ्याला 'परत मारणं' हे उत्तर नाहीये. कुणीही आपलं नुकसान वसूल करायला थांबत नाही. प्रत्येक जण समोरच्याच्या धमकीपेक्षा मोठी धमकी शोधतो. आपला हत्ती धोक्यात आहे? मग समोरचा हत्ती मारू. उंट गेला? जाऊ दे, इथे वजिरावर हल्ला आहे. उसनवारीचा हा डोंगर नऊ चाली वाढत जातो. दोघांपैकी एकानेही मधेच घाबरून हिशोब मिटवायला घेतला असता तर तो हरला असता.

फिशरच्या त्या एकाच घोड्याने सलग चार उड्यांत चार बळी घेतले: घोडा, प्यादं, हत्ती, प्यादं. तालची ख्याती अशा उधळपट्टीसाठी होती, फिशरची स्वच्छ, सरळ खेळासाठी. या डावात मोहऱ्यांचे रंग झाकले तर कोण कुठल्या बाजूला बसलंय हे ओळखता येणार नाही. चार–शून्यने हरलेल्या पोराने तालला तालच्याच भाषेत उत्तर दिलं. माझ्या मते या डावातलं खरं नाट्य हे आहे, आणि निकालाच्या रकान्यात ते कुठेच दिसत नाही.

दोन शांत चाली

नऊ माऱ्यांनंतर दोन चाली अशा येतात ज्यांत काहीच मारलं जात नाही. डावाची उंची मला या दोन चालींत दिसते.

जी२ वरून शह आलाय. फिशरच्या राजासमोर एफ१ वर काळा उंट आयताच उभा आहे. मारावा की! पण राजाने उंट मारला तर काळा हत्ती एच२ वरचं प्यादं खातो आणि तिथून सरळ रेषेत एच७ वरच्या वजिरावर हल्ला करतो. वजिराने तो हत्ती मारावा तर सी७ वरून काळा वजीर तिरक्या रेषेत येऊन पांढरा वजीरच उचलतो. पटावर हातात आलेला मोहरा न उचलता फिशर राजाला एच१ च्या कोपऱ्यात सरकवतो. नऊ माऱ्यांच्या वेगात असताना हा ब्रेक लावणं सतराव्या वर्षी कसं जमलं असेल?

तालही तितकाच शांत. त्याचा वजीर घोड्याच्या हल्ल्याखाली आहे. तो वजीर ई५ वर, पटाच्या मधोमध ठेवतो आणि घोड्यावर नजर रोखतो. मग उरलेली देणी फेडली जातात. फिशरचा हत्ती एफ१ वर उंट मारतो, तालचा वजीर ई६ वर घोडा मारतो, फिशरचा राजा जी२ वर हत्ती मारतो. आणि एकविसाव्या चालीला काळा वजीर जी४ वर येऊन शह देतो. राजा कोपऱ्यात गेला की एफ३ वरून शह, परत आला की जी४ वरून शह. हे कितीही वेळ चालू शकतं. बरोबरी.

आता पटावर मोजा. बत्तीस मोहऱ्यांपैकी सतरा पडलेत. फिशरकडे हत्ती आहे, तालकडे त्या जागी घोडा. फिशरकडे पाच प्यादी, तालकडे चार. म्हणजे नुसता हिशोब केला तर फिशर वरचढ आहे. मग तो सुटत का नाही? कारण त्याचा वजीर अजून एच७ वर आहे. दहाव्या चालीला तो तिथे गेला आणि शेवटपर्यंत हलला नाही. बाकी पटावर आग लागलेली असताना तो परक्या मुलखात बसून होता. त्याचा उपयोग नव्हता असं नाही. तिथूनच तो ई७ वरच्या काळ्या घोड्याला धाक दाखवतोय, म्हणून तर तालला एक चालही उसंत घेता येत नाही. शह थांबवला की घोडा गेला. पण स्वतःच्या राजासमोर येऊन उभं राहणं त्याच्या आवाक्यात नाही. आणि शह येतोय कुठून? त्याच जी पट्टीवरून, जी त्याने नवव्या चालीला प्यादं खाऊन उघडली होती.

ओपनिंगमधला सौदा असा शेवटच्या चालीत वसूल होतो. 'राजाकडची बाजू लूट, पण तुझा वजीर तिकडेच राहील,' हे काळ्याने आधीच सांगितलं होतं. लुटीचा माल पांढऱ्याकडे आहे, आणि तो घेऊन त्याला घरी परतता येत नाही.

अर्धा, आणि अर्धा

या डावावर आक्षेप घेता येतात. पहिल्या दहा चाली आधीच खेळल्या गेलेल्या होत्या, मग यात निर्मिती किती? मला वाटतं, जुन्या बंदिशीत नवी जागा काढणाऱ्या गवयाला हा प्रश्न आपण विचारत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मधे कुठेतरी पांढऱ्याला याहून चांगलं काही होतं का? खुद्द फिशर आपल्या टिपांत पर्यायी चालींच्या मागे लागलाय. विनावर पायाशीच कच्चा आहे असं त्याचं ठाम मत होतं आणि हा डाव त्याला गप्प करू शकला नाही. खटला पुढेही चालूच राहिला. १९७० साली झाग्रेबच्या स्पर्धेत कोवाचेविचविरुद्ध विनावरमध्ये फिशरच्या वजिराने पुन्हा जी७ खाल्लं, आणि फिशर हरला. पुढच्या वर्षी लार्सनविरुद्ध विनावरमध्येच तो जिंकला. म्हणून १९६०चा हा अर्धा गुण मला निवाडा वाटत नाही. खटल्याची ती एक तारीख होती, ज्या दिवशी दोन्ही वकिलांनी आपापलं सगळं पणाला लावलं.

आता याच्या शेजारी दुसरा अर्धा गुण ठेवून बघा. १९६२ साली कुरासाव बेटावर कँडिडेट्स स्पर्धा झाली. पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या तीन सोव्हिएत खेळाडूंचे आपसांत बारा डाव झाले. बाराही बरोबरीत सुटले. हे तिघंच पहिल्या तीन जागांवर आले, फिशर चौथा. सोव्हिएत खेळाडू आपसांत ठरवून बरोबरी करतात, असा जाहीर आरोप त्याने 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये लेख लिहून केला. त्यानंतर कँडिडेट्सचं स्वरूप बदललं, साखळी जाऊन समोरासमोरच्या लढती आल्या. आरोप कितपत खरा यावर वाद होत राहिले. पण निकालाच्या तक्त्यात त्या बारा डावांपुढे जो आकडा आहे तोच लाइपझिगच्या डावापुढेही आहे.

'छोटी बरोबरी म्हणजे पळपुटी बरोबरी' हा निकषही चालत नाही, कारण लाइपझिगचा डाव एकवीसच चालींचा आहे. नियम करूनही भागत नाही. २००५च्या सोफियातल्या स्पर्धेपासून 'आपसांत बोलून बरोबरी करायची नाही' हा नियम गाजला. पण आजचे ग्रँडमास्टर बर्लिन डिफेन्समधली एक ठरलेली वाट धरतात, वजिरासमोर वजीर आणत चौदाव्या चालीला त्याच त्या चाली तिसऱ्यांदा करतात आणि एक शब्दही न बोलता उठतात. नियम पाळला गेलेला असतो. आमच्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट म्हणतात.

फोनवर डाव बघताना कडेला एक पट्टी असते, इंजिन कुणाला वरचढ मानतं ते दाखवणारी. लाइपझिगच्या शेवटच्या स्थितीला ती शून्य दाखवते. बर्लिनच्या त्या कॉपी-पेस्टलाही शून्यच दाखवते. इंजिन खोटं बोलत नाहीये. त्याला पुढचं विचारलंय, ते पुढचं सांगतंय. इथवर कोण कसं आलं हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. ते आपण विचारायचं असतं, चाली एकेक करून मांडत.

ती स्क्रिप्ट मी नंतर दुरुस्त केली, बरोबरी उडवणारी ओळ काढून टाकली. त्याने माझा फ्रेंचविरुद्धचा खेळ सुधारला असं म्हणता येणार नाही. पण एक जुनी गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. कॉलेजच्याच दिवसांत एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत माझ्यासमोर माझ्याहून बराच वरचा खेळाडू आला होता. मी अकराव्या चालीला बरोबरीचा प्रस्ताव ठेवला. त्याला पहिल्या क्रमांकासाठी तेवढंच पुरेसं होतं, त्याने हात पुढे केला. पटावर बत्तीसच्या बत्तीस मोहरे उभे होते. मित्रांना मी आठवडाभर सांगत होतो, त्याच्याशी बरोबरी केली म्हणून. फिशर–तालचा एकवीस चालींचा डाव मला आज तोंडपाठ आहे. स्वतःच्या त्या डावाची ओपनिंग कोणती होती, ते मात्र कितीही आठवलं तरी आठवत नाही.